बिननावाची स्लाइड

घंटी वाजली तेव्हा त्याला वाटलं, मोजण्यात आपलंच काहीतरी चुकलं. पेशी मोजायच्या त्या छोट्या यंत्राला बटणं होती, आणि शंभर आकडा भरला की ते सायकलच्या घंटीसारखं एकदा वाजायचं. सोळा वर्षं तो ही घंटी ऐकत आला होता. ती वाजली की पुढची स्लाइड, ती वाजली की चहा, ती वाजली की घरी. आज शंभरांपैकी एकाहत्तर वेळा त्याच्या अंगठ्याने रोगट, कच्च्या पेशींसाठीचं शेवटचं बटण दाबलं होतं, ज्याला महिनोन् महिने कुणाचा हात लागत नसे. त्याने डोळे बाजूला घेतले आणि खिशातला चष्मा काढून पुसला. मायक्रोस्कोपमधून बघताना तो चष्मा लावतच नव्हता, हे चष्मा पुन्हा नाकावर चढवल्यावर त्याच्या लक्षात आलं. मग त्याने स्लाइड थोडी सरकवली. तिथेही त्याच. मोठ्या, गोल, आतलं जांभळं केंद्र फुगून पार कडेला टेकलेलं. वाईट दिसत नव्हत्या त्या. उलट सगळ्या एकसारख्या, नीटनेटक्या, नुकत्याच धुऊन ठेवल्यासारख्या होत्या, आणि हेच भयंकर होतं. निरोगी रक्तात कसा बाजार भरलेला असतो, लहान-मोठं, वाकडं-तिकडं सगळं एकत्र. इथे एकच चेहरा शंभरदा बघावा तसं झालं होतं. स्लाइडवर नाव नव्हतं, नुसता चव्वेचाळीस नंबर होता. नाव त्यानेच लिहिलं नव्हतं. सकाळी शाळेत सोडायच्या आधी त्याने मुलीला लॅबवर आणलं, खुर्चीत बसवलं, तिच्या बारक्या दंडाला पट्टा बांधला आणि रक्त काढलं, तेव्हा नळीवर चिकटवायची पट्टी हातात घेऊन तो क्षणभर थांबला होता. नाव लिहिलं की ते वहीत जाणार, वहीतून कागदावर येणार. त्यापेक्षा नुसता नंबर बरा. बघू आपलं आपणच, आणि टाकून देऊ.

मोठ्या मॅडम, म्हणजे लॅबच्या मुख्य डॉक्टर, काचेच्या पलीकडे फोनवर बोलत होत्या. त्यांचं बोलणं संपेपर्यंत तो दारात उभा राहिला. संपूच नये असंही त्याला वाटलं. "एक स्लाइड बघता का?" तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी रोजचा होता, याचंच त्याला नवल वाटलं. मॅडम येऊन त्याच्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ बसल्या. त्यांच्या मानेवरचे पांढरे केस एरवी कधी इतक्या जवळून त्याने पाहिले नव्हते. "हं," त्या म्हणाल्या. "वय काय?"

"सात."

"मुलगा?"

"मुलगी."

"अरे देवा. प्लेटलेट किती आल्यात?"

"एकोणीस हजार."

"मग थांबलाहेस कशाला? फोन कर घरी, लगेच ॲडमिट व्हायला सांग. नंबर आहे ना त्यांचा? नाव का नाही लिहिलं हिच्यावर? किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना—" असं म्हणत त्या वळल्या आणि त्याच्याकडे बघून गप्प झाल्या. त्याला "माझी आहे" असं म्हणायचं होतं, पण तोंडातून नुसतं "माझी" एवढंच आलं, आणि पुढचं वाक्य पूर्ण करायची गरज उरली नाही. मॅडमनी त्याचा हात धरला. सोळा वर्षांत त्यांनी त्याला कधी शिवलंही नव्हतं. "कुठे आहे ती आत्ता?" त्यांनी विचारलं, आणि ती कुठे आहे हे त्याला त्या क्षणी आठवलं. ती शाळेत होती. आज तिला खेळाचा तास होता.

ॲप्रन काढायचं भान राहिलं नाही. रस्ता तोच, दुकानं तीच, पण सगळं टोकदार झालं होतं. फुटपाथची कड, सायकलींचे पायडल, एका हातगाडीचा पुढे आलेला दांडा. जगात एवढ्या धारदार वस्तू उघड्यावर पडलेल्या असतात आणि पोरं त्यांच्यामधून खुशाल पळत असतात, हे त्याने इतकी वर्षं कसं चालवून घेतलं? एकोणीस हजार म्हणजे साधं पडलं, डोकं आपटलं, तरी आतल्या आत रक्त थांबायचं नाही. आणि ती तर भिंगरी. दोन वर्षांची होती तेव्हापासून हात पसरून गरगरा फिरायची, फिरून फिरून धप्पकन पडायची आणि हसायची, म्हणून बायकोने ते नाव ठेवलं होतं. तिचं खरं नाव आता शाळेच्या पटावर तेवढं उरलं होतं. धावता धावता त्याला तिच्या नडग्या दिसत होत्या. तीन आठवड्यांपासून त्यांच्यावर निळे-हिरवे डाग होते. बायकोने दोनदा दाखवले. "वाढतं वय आहे, धडपडते," तो म्हणाला होता. चालताना दमते, म्हणाली. "ऊन किती आहे," तो म्हणाला होता. आणि एक गोष्ट बायकोला माहीतही नव्हती. मागच्या सोमवारी भिंगरी दात घासत होती, बेसिनमध्ये गुलाबी फेस पडला होता, तो शेजारी उभा राहून दाढी करत होता. त्याने तो फेस पाहिला. पाहिला आणि नळ सोडून दिला. हे आठवल्यावर तो एका दुकानाच्या शटरला धरून उभा राहिला, मग पुन्हा धावू लागला.

मैदानावर पोरांचा गलका चालला होता. त्याने सगळ्या धावणाऱ्या मुलींमध्ये तिला शोधलं, कुणी पडलेली आहे का तेही शोधलं. ती धावतच नव्हती. भिंतीच्या सावलीत, पायरीवर, दोन्ही गुडघे जवळ घेऊन ती बसली होती, गळ्यात खेळाच्या बाईंची शिट्टी. "तीच म्हणाली, मी पंच होते," बाई म्हणाल्या. "हल्ली रोज पंचच होते. आम्ही म्हटलं, आवडत असेल." तिला उचलताना त्याला तिचं वजन लागलं नाही. "बाबा, तू ड्रेसवरच आलास?" तिने त्याच्या ॲप्रनचं बटण धरून विचारलं. "अरे, शिट्टी द्यायचीय बाईंची."

घरी बायको मशीनवर बसली होती. पडदे शिवायचं काम ती घरूनच करायची. खोलीभर एका वसतिगृहाचे तपकिरी पडदे पसरले होते आणि त्यातून वाट काढत त्याने मुलीला पलंगावर ठेवलं. सकाळचे अकरा वाजले होते. या वेळेला तो कधीच घरी आला नव्हता. बायकोने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ॲप्रनकडे, मग मुलीकडे, आणि मशीन मात्र चालूच ठेवली. तो स्वयंपाकघरात गेला, पाणी भरलं, प्यायला नाही. ती मागून आली तेव्हा त्याने सांगितलं. सांगताना त्याने रोगाचं नाव घेतलं नाही. पेशींचं सांगितलं, आकडे सांगितले, लॅबमधले शब्द एकामागून एक बाहेर काढले, जणू त्या शब्दांच्या मागे लपायला जागा होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "कॅन्सर ना?" ती म्हणाली. त्याने मान हलवली. "तीन आठवडे मी सांगत होते," ती म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली. तेवढं एकच वाक्य. ते तिने नंतर कधी उच्चारलं नाही, भांडणात नाही, रागात नाही. त्यामुळे ते त्याच्या अंगात काट्यासारखं मोडून राहिलं. मग ती बाहेर गेली, मशीनवर बसली आणि अर्धवट राहिलेली शिवण शेवटपर्यंत मारून तिने दोरा दातांनी तोडला. नंतर पिशवी भरायला घेतली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टर तरुण होत्या. मुलांच्या वॉर्डात काम करणाऱ्यांना असते तशी सरळ बोलायची सवय त्यांना होती. उपचार लांबलचक आहेत, दोन-अडीच वर्षं. पहिला महिना फार जपायचा. "पण या प्रकारात दहातली आठ-नऊ मुलं पूर्ण बरी होतात," त्या म्हणाल्या. बायकोने ते 'आठ-नऊ' दोन्ही हातांनी झेललं. त्याच्या वाट्याला उरलेलं एक-दोन आलं. मोजायची सवय अंगात मुरलेली. त्यानंतर त्याला दहाच्या गटांशिवाय काही दिसेना. वॉर्डात दहा खाटा होत्या. लिफ्टपाशी दहा माणसं उभी असत. तो एकेका खाटेवरून नजर फिरवायचा आणि मध्येच स्वतःला पकडायचा, की आपण इथे दुसऱ्याचं मूल निवडतो आहोत. खिडकीपलीकडच्या कोपऱ्यात एक टक्कल पडलेली, फारच छोटी मुलगी होती, ती चित्रं काढायची. तिच्यावर एकदा त्याची नजर थांबली आणि तो उठून बाथरूममध्ये जाऊन उभा राहिला. ही भीती नुसती छातीत नव्हती, हाताला तिचा वास लागल्यासारखा झाला होता, धुऊन जात नव्हता.

त्याची मोठी बहीण रोज यायची. नवरा गेल्यापासून ती त्यांच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहत होती, आणि दर रविवारी दुपारी तळमजल्याच्या हॉलमध्ये तिचं प्रार्थनामंडळ भरायचं. वीस-पंचवीस माणसं, बहुतेक उतारवयाची, एक जुनी पेटी आणि त्याहून जुने आवाज. रविवारी दुपारी तो खिडक्या लावून झोपायचा. त्याचं देवाशी भांडण वगैरे नव्हतं. लहानपणी म्हटलेल्या प्रार्थना होत्या कुठेतरी. पण वर्षानुवर्षं ज्याच्याकडे फिरकलो नाही अशा नातेवाइकाच्या दारात अडचण आली म्हणून जाऊन उभं राहायचं, तसा संकोच त्याला वाटायचा. "अरे, तू नको मागूस," बहीण म्हणाली. "आम्ही मागतोय तेवढं पुरे. आमचं येणं-जाणं आहे." ती हे इतक्या व्यवहारी सुरात म्हणाली की त्याला हसू आलं, आणि हसू आल्याबरोबर रडूही.

नवव्या दिवशी, रविवारी, दुपारचं जेवण होऊन ताटं जात होती तेव्हा भिंगरीच्या नाकातून रक्त आलं. आधी एक थेंब, उशीच्या अभ्र्यावर. मग धार. नर्सने नाक दाबून धरलं, कापूस भरला, बर्फ आला. कापूस लाल होऊन खाली पडायचा, दुसरा यायचा. ती रडत नव्हती. मोठे डोळे करून प्रत्येकाकडे एकेकदा बघत होती, हेच त्याला सहन होईना. प्लेटलेट सहा हजारांवर आल्या होत्या आणि रक्तपेढीत तिच्या गटाची पिशवी शिल्लक नव्हती. माणूस आणा, डॉक्टर म्हणाल्या, तासाभरात आणा. त्याचा गट वेगळा. बायकोचा जुळत होता, पण तिच्या अंगात रक्तच कमी, तिला परत पाठवलं. ती रक्तपेढीच्या दारात दंडावरची बाही वर सारलेली तशीच उभी राहिली. त्याने लॅबमध्ये फोन लावला. रविवार, कुणी उचलला नाही. मग बहिणीला लावला. मागे पेटी वाजत होती, सगळे एका सुरात काहीतरी म्हणत होते. त्याने दोन वाक्यं सांगितली. पलीकडे बहीण फोन न ठेवताच म्हणाली, "थांबा. बंद करा. उठा सगळे," आणि पेटीचा भाता सुस्कारा टाकून मिटल्याचं त्याला इकडे ऐकू आलं.

अर्ध्या तासात ते आले. कुणाच्या तरी सामानाच्या टेम्पोत मागे उभे राहून आले होते. केस विस्कटलेले, रविवारचे चांगले कपडे चुरगळलेले. त्यातले निम्मे रक्तपेढीच्या बाईंनी वय विचारूनच बाजूला काढले. "साठ म्हणजे काय म्हातारी?" एक आजीबाई हुज्जत घालत होत्या. "मी चार जिने चढते." एकाने सकाळी डोकेदुखीची गोळी घेतलेली. एकीचं वजन कमी. शेवटी गट जुळणारे तिघे उरले आणि त्यांच्यातला ज्याचा सगळा हिशेब बसला, तो त्यांच्या वरच्या मजल्यावरचा ड्रायव्हिंगमास्तर निघाला. दोन वर्षांपूर्वी मास्तरच्या न्हाणीघरातून त्यांच्या छतात पाणी झिरपलं होतं, त्यावरून जिन्यात जोरदार जुंपली होती, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांना बघून न बघितल्यासारखं करत होते. आता मास्तर कलत्या खुर्चीत आडवा पडला होता, गोरामोरा झालेला, डोळे घट्ट मिटलेले.

"सुई लावली का?" त्याने विचारलं.

"अजून नाही," नर्स म्हणाली.

"सुई बघितली की मला चक्कर येते. लहानपणापासून." मग मिटल्या डोळ्यांनीच तो याच्याकडे वळला. "तुम्ही आहात ना इथे? जाऊ नका. बोलत राहा माझ्याशी. काहीही बोला. छताचं बोला हवं तर."

सव्वा तास लागणार होता. मशीन हळूहळू फिरत होतं, मास्तरच्या हातातून रक्त वर जायचं, परत यायचं, आणि बाजूच्या पिशवीत वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट पिवळसर, धुकट अशा थेंबाथेंबाने साठत होत्या. तो स्टूल ओढून बसला. छताबद्दल दोन वाक्यं झाली. मग त्याने, का कोण जाणे, बेसिनमधल्या गुलाबी फेसाचं सांगितलं. बायकोला सांगितलं नव्हतं, बहिणीला नाही, डॉक्टरांनाही नाही. ज्या माणसाशी दोन वर्षं अबोला होता त्याच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत त्याने सगळं सांगितलं; नळ कसा सोडला, पाणी कसं गोल फिरून गेलं, ते जाताना बघून आपल्याला कसं हायसं वाटलं. "हायसं वाटलं हो मला," तो म्हणाला. "हेच काम करतो मी, दुसरं काही येतही नाही मला. आणि मी नळ सोडला." मास्तर म्हणाला, "माणूस समोर आला की नवशिका काय करतो माहितीये? ब्रेक दाबायचं सोडून डोळे मिटतो. वीस वर्षं शिकवतोय, दर दुसरा माणूस मिटतो. त्याला काय ते माणूस मारायचं असतं?" थोडं थांबून त्याने विचारलं, "भरली का पिशवी?" "अर्धी झाली." "बोला मग अजून." आणि तो ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटू लागला. हॉलमध्ये अर्ध्यावर सोडून आलेली प्रार्थना तो पुढे म्हणत होता.

पिशवी चढवल्यावर तासाभराने रक्त थांबलं. आधी कापूस गुलाबी निघाला, मग नुसता ओला, मग पांढरा. पुढचं सगळं पुढे झालं. महिन्याने हाडातला नमुना स्वच्छ आला, अडीच वर्षं औषधं चालली, दोनदा तापाने जिवावर बेतलं, मंडळातली माणसं आळीपाळीने रक्त देत राहिली, आणि भिंगरी वाचली, तिचे केस आधीपेक्षा दाट आले. पण हे त्या संध्याकाळी कुणाला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी एवढंच होतं की धार थांबली होती आणि ती पुन्हा सुरू होईल की काय म्हणून तो खाटेशेजारी बसून तिच्या नाकपुड्यांकडे बघत होता. खिडकीतला उजेड पिवळा होऊन भिंतीवर आला होता. शेजारच्या खाटेवर कुणीतरी चमच्याने वाटी खरवडत होतं. बायको रक्ताने भरलेले कपडे धुवायला गेली होती. भिंगरीने डोळे उघडले.

"काही नाही हं," तो पटकन म्हणाला. "थांबलंय. काही नाही झालेलं."

"बाबा, तू 'काही नाही' नको म्हणत जाऊस," ती म्हणाली. नाकात कापूस असल्याने आवाज बोजड येत होता. "तू तसं म्हटलंस की मला भीती वाटते."

त्याने तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"तुला भीती वाटतेय?" तिने विचारलं.

"हो."

"खूप?"

"खूप वाटतेय गं."

तिने यावर विचार केला. तिचा चेहरा थोडा सैलावला, एखादं गणित दुसऱ्याचंही तेच आल्यावर होतो तसा. मग ती सलाइनचा हात सांभाळत भिंतीकडे सरकली. "ये. इथे झोप. आत्या म्हणते, भीती वाटली की मंडळातली ती प्रार्थना म्हणायची. तुला येते?"

"पहिली ओळ येते. दुसरीही असेल. पुढचं विसरलो मी."

"मला पण दोनच येतात. चालतील."

अरुंद खाटेवर तो एका अंगावर, अर्धा बाहेर, असा आडवा झाला. तिच्या केसांना औषधाचा वास येत होता आणि तिचं काळीज त्याच्या हाताखाली भलतंच जोरात चाललं होतं. पहिली ओळ म्हणताना त्याचा आवाज फाटला. दुसरी तिने सुरू केली. ती संपल्यावर दोघंही थांबले. मग तिने पुन्हा पहिलीच घेतली, आणि तो मागोमाग निघाला. पहिली, दुसरी, पुन्हा पहिली. किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. दारात पावलं वाजली तेव्हा त्याने मान वर केली. बायको ओले कपडे पिळून बादलीत घेऊन उभी होती. तिला ती प्रार्थना अख्खी पाठ होती; लग्नाआधीपासून ती रोज सकाळी मनातल्या मनात म्हणत आली होती. ती दोन क्षण ऐकत राहिली. मग बादली खाली ठेवून, हात पदराला पुसून, ती खाटेच्या पायथ्याशी बसली, मुलीचा एक पाय तिने मांडीवर घेतला, आणि दुसरी ओळ संपल्यावर तिसरी न घेता, त्या दोघांच्या बरोबरीने पुन्हा पहिलीच म्हणू लागली.